'गावाला' आणि 'जळगावला' : खानदेशातील ग्रामनामांची व्युत्पत्ती व व्याकरण

प्रस्तावना

ग्रामनामांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा व्युत्पत्तीच्या अंगाने होतो. गावाचे नाव कोणत्या झाडावरून, कोणत्या देवतेवरून अथवा कोणत्या राजावरून पडले, हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे बरेवाईट उत्तर मिळाले की अभ्यास संपला असे मानले जाते. ते नाव वाक्यात कसे वागते, त्याला प्रत्यय लागताना काय घडते, त्याचे लिंग-वचन कोणते, याकडे क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः ग्रामनामाची व्युत्पत्ती आणि त्याचे व्याकरण या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत. किंबहुना व्युत्पत्तीतील अनेक कोडी व्याकरणाच्या साहाय्यानेच सुटतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या विषयाकडे वळण्यास एक लहानसा प्रसंग कारणीभूत ठरला. प्रथम वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने निबंधात 'सुटीत मी गावला गेलो' असे लिहिले होते. प्रस्तुत लेखकाने लाल शाईने 'गावला' खोडून 'गावाला' केले. वही परत घेताना त्याने विचारले, "सर, मग 'जळगावला गेलो' कसे चालते? तिथेही गावच आहे ना?" त्या वेळी 'तशी रूढी आहे' एवढेच उत्तर देता आले. उत्तर खोटे नव्हते; पण ते उत्तरही नव्हते. 'गाव' हा एकच शब्द स्वतंत्रपणे आला की 'गावाला' होतो आणि नावाच्या पोटात शिरला की 'जळगावला' असा राहतो. हे का घडते, आणि खानदेशातील विद्यार्थ्याला नेमके येथेच का अडखळायला होते, याची उकल जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील काही ग्रामनामांच्या आधारे करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

'ग्राम' ते 'गाव'

जळगाव, चाळीसगाव, धरणगाव, पिंपळगाव या नावांतील उत्तरपद सर्वांना परिचित आहे. संस्कृत 'ग्राम' या शब्दाचे प्राकृतात 'गाम' झाले. पुढे अपभ्रंशाच्या अवस्थेत दोन स्वरांमधील 'म'चा अनुनासिक 'व' झाला आणि 'गांव' हे रूप सिद्ध झाले. हा बदल एकट्या या शब्दापुरता नाही. 'नाम'चे 'नांव', 'सीमा'चे 'शींव', 'कोमल'चे 'कोंवळा' ही त्याच वाटेने आलेली रूपे आहेत. शेजारच्या गुजरातीने मात्र 'म' राखला. म्हणून तिकडे विरमगाम आणि इकडे जळगाव.

या अनुनासिकाचा पुढील इतिहास मनोरंजक आहे. मराठीच्या उच्चारातून तो हळूहळू नाहीसा झाला. तरी लेखनात अनुस्वाराच्या रूपाने तो दीर्घकाळ टिकला. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे परंतु उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले आणि 'जळगांव'चे 'जळगाव', 'धुळें'चे 'धुळे' झाले. रोमन लिपीतील 'जळगाव'च्या शेवटी असणारा 'एन' हा त्या लुप्त अनुनासिकाचाच अवशेष होय. ज्या अक्षराला आपले विद्यार्थी इंग्रजांची चूक समजतात, ते मराठीच्या जुन्या उच्चाराची साक्ष देते. हिंदीतील 'जलगाँव' या लेखनातही तीच खूण आहे.

'चाळीसगाव' या नावाचा येथे स्वतंत्र विचार करावयास हवा. रचनेने तो सरळ द्विगू समास दिसतो : चाळीस गावांचा समूह. पण व्यवहारात काय आढळते? 'चाळीस गावे डोंगराच्या पायथ्याशी आहेत' आणि 'चाळीसगाव डोंगराच्या पायथ्याशी आहे'. पहिल्या वाक्यात अनेकवचन, दुसऱ्यात एकवचन. 'चाळीस गावांना पाणी मिळाले' आणि 'चाळीसगावला पाणी मिळाले' या दोन वाक्यांत तर अर्थाचे अंतर प्रचंड आहे. नावात गेलेल्या संख्येला व्याकरणाच्या दृष्टीने संख्यात्व उरत नाही. शब्द नावात शिरला की त्याचे पूर्वीचे व्याकरण गळून पडते, ही या लेखातील मुख्य गोष्ट येथे उघडपणे दिसते.

'नगर' ते 'नेर'

खानदेशाच्या नकाशावर नजर टाकली की 'नेर' हे उत्तरपद पुन्हा पुन्हा समोर येते. बोरी नदीकाठचे अमळनेर, तापीकाठचे थाळनेर, पांझरेच्या वरच्या खोऱ्यातील पिंपळनेर, तसेच जामनेर. धुळे तालुक्यात पांझरेच्याच काठी तर नुसते 'नेर' या नावाचे गाव आहे. दक्षिणेकडे गेल्यास संगमनेर, पारनेर भेटतात. सिन्नर आणि जुन्नर यांच्या शेवटीही हेच पद अधिक झिजलेल्या रूपात असल्याचे मानले जाते. जुन्नर म्हणजे 'जीर्णनगर' ही व्युत्पत्ती सुपरिचित आहे.

'नेर' म्हणजे 'नगर' हे अभ्यासकांनी मान्य केलेले समीकरण आहे; पण ते कसे, हे पायरीपायरीने पाहणे उचित ठरेल. दोन स्वरांमधील क, ग, च, ज, त, द यांसारख्या अल्पप्राण व्यंजनांचा प्राकृतात प्रायः लोप होतो, हा नियम वररुचीच्या 'प्राकृतप्रकाशा'पासून हेमचंद्राच्या व्याकरणापर्यंत सर्वत्र सांगितलेला आहे. त्यानुसार 'नगर'मधील 'ग' लोपून 'णअर' झाले. दोन 'अ' लागोपाठ उच्चारणे अवघड, म्हणून मध्ये हलका 'य' आला आणि 'णयर' अथवा 'नयर' हे रूप बनले. पुढे 'अय'चा संकोच होऊन 'ए' झाला. 'कदली'मधील 'द' लोपून 'कयली' आणि तिची 'केळी' झाली, ती याच क्रमाने. 'नयति'पासून 'नेणे' हे क्रियापद आले तेही 'अय'च्या संकोचानेच. केळी आणि अमळनेर यांचे ध्वनिदृष्ट्या इतके जवळचे नाते आहे, हे वर्गात सांगितले असता विद्यार्थी हसतात. परंतु नियम लक्षात राहतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही सर्व गावे नदीकाठी आहेत, तेव्हा 'नेर' हे 'नीर' म्हणजे पाणी या शब्दाचे रूप का मानू नये? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो, परंतु तो टिकत नाही. एक तर जुनी वस्ती नदीकाठीच होणार. त्यामुळे नदीचे सान्निध्य हा 'नेर'चा विशेष ठरत नाही. 'गाव', 'पूर' आणि 'खेडे' हेही नदीकाठी विपुल आहेत. दुसरे, 'नीर'मधील दीर्घ 'ई'चा 'ए' का व्हावा, याला ध्वनिनियमाचा आधार नाही. आणि तिसरे प्रमाण राजस्थानातील आहे. राव बिकाने १४८८ मध्ये वसविलेले बिकानेर वाळवंटात आहे. तेथे नदीच नाही. बिकाचे नगर ते बिकानेर, हाच अर्थ तेथे संभवतो.

बिकानेरच्या स्थापनेनंतर दोनच वर्षांनी, १४९० मध्ये, अहमद निजामशहाने स्वतःच्या नावाने जे शहर वसविले त्याचे नाव मात्र अहमदनगर पडले. 'अहमदनेर' झाले नाही. मारवाडात त्या काळीही 'नेर' हा नवे नाव घडविण्याइतका जिवंत प्रत्यय होता, तर महाराष्ट्रात तो तसा राहिला नव्हता. येथे संस्कृतातून पुन्हा उचललेला अखंड 'नगर' शब्द त्याच्या जागी आलेला होता, असे अनुमान यावरून करता येते. पारनेर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याचे नाव अहमदनगर, आणि २०२४ पासून अहिल्यानगर. एकाच शब्दाची झिजलेली आणि न झिजलेली अशी दोन्ही रूपे तेथे शेजारीशेजारी नांदताहेत. खानदेशातही पाचोरा तालुक्यात पिंपळगाव आहे आणि साक्री तालुक्यात पिंपळनेर. झाड एकच; एका ठिकाणी ते गावाला जोडले गेले, दुसऱ्या ठिकाणी नगराला.

स्वतंत्र शब्द म्हणून 'नेर' मराठीत उरला नाही, ही बाब येथे लक्षणीय आहे. 'मी नेरात राहतो' असे म्हणून कोणी 'मी शहरात राहतो' हा अर्थ व्यक्त करीत नाही. शब्द भाषेतून गेला, पण नावांत राहिला. धुळे तालुक्यातील 'नेर' या गावाच्या नावाचा अर्थ केवळ 'नगर' एवढाच आहे, आणि तो अर्थ आज तेथे राहणाऱ्यांनाही सहज सांगता येणार नाही.

साम्य आणि प्रमाण : एरंडोल

ध्वनिनियम हाताशी आले की सर्वच नावे उलगडता येतात असा मोह होतो. त्या मोहाला आवर घालणारे उदाहरण जळगाव जिल्ह्यातच आहे. समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखात दक्षिणापथातील पराभूत राजांच्या यादीत एरंडपल्लाच्या दमन राजाचा उल्लेख आहे. फ्लीट यांनी हे एरंडपल्ल म्हणजे खानदेशातील एरंडोल होय, असे सुचविले. ध्वनीच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. 'पल्ली'चे 'वल्ली', 'ओली', 'ओल' होणे सर्वस्वी नियमानुसार आहे.

तथापि, त्या यादीतील ओळखू येणारी बहुतेक राज्ये पूर्व किनाऱ्यालगतची आहेत. कलिंगातील एका ताम्रपटात एरंडपल्लीचा निर्देश आढळल्यावर जुव्हो-दुब्राय यांनी ते स्थळ कलिंगाच्या परिसरात दाखविले आणि एरंडोलचा पक्ष मागे पडला. एरंडोलची व्युत्पत्ती 'एरंड' आणि 'पल्ली' यांपासून असू शकते. परंतु त्यावरून समुद्रगुप्ताचे सैन्य अंजनी नदीच्या काठी आणता येत नाही. स्थानिक स्मरणिकांतून ते अजूनही अधूनमधून येते, ही गोष्ट वेगळी.

धुळे येथे अखेरची वर्षे व्यतीत करून १९२६ मध्ये तेथेच निधन पावलेल्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी स्थलनामे ही इतिहासाची साधने होत, हे मराठी अभ्यासकांच्या मनावर बिंबविले. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आज मान्य होणार नाहीत. नावाच्या रूपाकडे बारकाईने पाहण्याची त्यांची सवय मात्र घेण्यासारखी आहे.

नामाचे सामान्यरूप

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याच्या अंगात जो बदल होतो त्याला सामान्यरूप म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) त्याचे सविस्तर विवेचन आहे. अकारान्त पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांचे सामान्यरूप आकारान्त होते : घर – घराला, शेत – शेतात, गाव – गावाला. हा नियम ग्रामनामांना लावला तर 'जळगावाला', 'अमळनेराला', 'भुसावळाला' अशी रूपे व्हावयास हवीत. ती होत नाहीत. आपण 'जळगावला', 'अमळनेरला', 'भुसावळला' म्हणतो.

मात्र याच नावांना 'त' हा प्रत्यय लावून पाहावा. 'जळगावात', 'अमळनेरात', 'भुसावळात' ही रूपे सर्वस्वी निर्दोष आहेत. किंबहुना दुसरे रूप शक्यच नाही. जुन्या गद्यातील 'स' प्रत्ययाचीही तीच गत : 'जळगावास', 'अमळनेरास'. म्हणजे या नावांना सामान्यरूप नाही असे नव्हे. काही प्रत्ययांपुढे ते होते आणि काहींपुढे होत नाही. 'शिरपूर' या नावात तर हा भेद लेखनातही दिसतो. 'शिरपूरला', 'शिरपूरचा', 'शिरपूरहून' यांत ऊकार दीर्घ राहतो. 'शिरपुरात' म्हणताच तो ऱ्हस्व होतो, कारण तेथे खरोखर सामान्यरूप झालेले असते.

हा भेद कशामुळे पडतो? प्रत्ययांची घडण पाहिली म्हणजे कारण ध्यानात येते. 'त' आणि 'स' हे उच्चारात केवळ एकेक व्यंजन आहेत. 'जळगाव', 'अमळनेर' ही नावेही उच्चारात व्यंजनान्तच आहेत. लेखनात अकार असला तरी तो आपण उच्चारीत नाही. व्यंजनापुढे थेट व्यंजन जोडले तर 'जळगाव्त' असे काही तरी होईल. ते टाळण्यासाठी मध्ये स्वर लागतो, आणि तो 'आ' सामान्यरूप पुरवते. याउलट 'ला', 'चा', 'हून' यांना स्वतःचा स्वर आहे. ते नावाच्या मूळ रूपाला जसेच्या तसे जोडता येतात. मधल्या 'आ'ची आवश्यकता राहत नाही.

येथे वाचकाच्या मनात स्वाभाविक शंका येईल. आवश्यकता नसेल तर मग 'गावाला', 'घराला' यांत तो 'आ' का राहिला? याचे कारण ध्वनीत नसून नामाच्या प्रकारात आहे. विशेषनामाचे काम ओळख पटविण्याचे असते. त्याचे रूप जितके कमी बदलेल तितकी ओळख पक्की राहते. म्हणून जेथे शक्य असेल तेथे विशेषनाम आपले मूळ रूप सोडीत नाही. हे व्यक्तिनामांतही दिसते. देवाविषयी बोलताना आपण 'रामाला नमस्कार केला' असे म्हणतो, परंतु त्याच नावाच्या मित्राविषयी 'रामला निरोप दिला' असे म्हणतो. मित्राचे नाव हे हाक मारण्याचे नाव असते. ते बदलले तर खटकते.

षष्ठीच्या प्रत्ययात आणखी एक सूक्ष्म छटा आहे. 'घरचे जेवण' आणि 'घराचे दार' यांत फरक आहे. पहिल्यात घर हे स्थान आहे, दुसऱ्यात ती वस्तू आहे. 'गावचा पाटील' आणि 'गावाचा नकाशा' यांतही हेच अंतर जाणवते. स्थानवाचक अर्थ असला की सामान्य नामेदेखील मूळ रूपात राहू शकतात. ग्रामनाम तर बोलूनचालून स्थानवाचकच. तेव्हा 'जळगावचा', 'धरणगावचा' हीच रूपे त्याला स्वाभाविक होत. अशा रीतीने दोन प्रवृत्ती एकत्र येतात. विशेषनाम बदलू इच्छीत नाही आणि स्थानवाचक नामाला बदलण्याची गरज नसते. 'गावाला'मधील 'आ' यामुळेच 'जळगावला'मध्ये नाही.

चोपडा की चोपडे?

वरील विवेचन व्यंजनान्त उच्चाराच्या नावांपुरते आहे. स्वरान्त नावांची कथा वेगळी, आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. 'साक्री'सारख्या ईकारान्त नावात काहीच बदल होत नाही. ते सोडून देऊ. 'धुळे' या नावाचे मात्र कोणत्याही प्रत्ययापुढे सामान्यरूप होतेच : धुळ्याला, धुळ्यात, धुळ्याचा, धुळ्याहून. 'धुळेला' असे मराठी भाषक म्हणत नाही. पुणे, ठाणे यांचेही तसेच. ही सर्व नावे मुळात 'एं'कारान्त नपुंसकलिंगी. 'तळें', 'केळें' यांच्या मालिकेतील.

आता चोपडा, पारोळा, तळोदा, शहादा, शिंदखेडा ही नावे पाहावीत. आज ती अशी आकारान्त लिहिली जातात, परंतु चोपडे, पारोळे, तळोदे, शहादे, शिंदखेडे अशी एकारान्त रूपेही जुन्या लेखनात आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी आढळतात. बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव साहित्याच्या पुस्तकांत 'आसोदे' असते. फलकावर आणि व्यवहारात 'असोदा' असते. यांतील शुद्ध कोणते, असा वाद अधूनमधून होतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते या वादाचे मूळ सामान्यरूपात आहे. आकारान्त पुल्लिंगी 'घोडा'चे सामान्यरूप 'घोड्या' आणि एकारान्त नपुंसकलिंगी 'तळे'चे 'तळ्या'. दोन्हींचा शेवट सारखाच. म्हणून नाव 'चोपडा' असो वा 'चोपडे', प्रत्यय लागल्यावर 'चोपड्याला', 'चोपड्यात', 'चोपड्याहून' हीच रूपे होणार. गावाचे नाव आपण बोलताना बहुतेक वेळा प्रत्ययासहितच उच्चारतो. कोठे गेला होता? चोपड्याला. कोठून आला? पारोळ्याहून. त्यामुळे मूळ रूप कोणते, हे ठरविण्याची पाळी बोलणाऱ्यावर सहसा येतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या 'चोपड्या' एवढेच कानी पडत राहिले, तर त्यावरून मागे जाऊन 'चोपडे'ही काढता येते आणि 'चोपडा'ही.

ही पाळी येते ती लिहिताना, आणि विशेषतः कचेरीच्या मराठीत. 'चोपडा येथे शिबिर आयोजित करण्यात आले आहे' या वाक्यातील 'येथे' हा शब्द नावाला प्रत्यय लागू देत नाही. नाव मूळ रूपात उघडे पडते आणि लेखनिकाला 'डा' की 'डे' याचा निर्णय करावाच लागतो. 'धुळे जिल्ह्यात' या रचनेतही नाव तसेच राहून 'जिल्हा' बदलतो. निमंत्रणपत्रिका, अहवाल, शिक्के आणि फलक यांच्या भाषेने ग्रामनामांची मूळ रूपे निश्चित केली. आणि आकारान्त रूपे ज्यांना अधिक सोयीची अशा हिंदी, उर्दू व इंग्रजी लेखनाच्या सहवासात ती बहुधा आकारान्त झाली.

'धुलिया' हे रूपही याच प्रकाशात पाहता येते. ब्रिटिश अमदानीत, १८८०च्या खानदेश गॅझेटियरसह, शहराचे नाव इंग्रजीत असेच लिहिले जाई. 'ळ' नसलेल्या लेखनात त्याचा 'ल' झाला, हे उघड आहे. परंतु शेवटचा 'इया' कोठून आला? 'धुळे'मध्ये तो नाही. 'धुळ्याला', 'धुळ्यात' यांमध्ये आहे. परक्या कानाने प्रत्ययासह ऐकलेल्या नावातून प्रत्यय तेवढा काढून टाकला आणि सामान्यरूपालाच मूळ नाव समजले, असे मानण्यास येथे वाव आहे. पुणे आणि ठाणे यांचीही इंग्रजी रूपे 'पूना' व 'ठाणा' अशी आकारान्तच होती, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही शहरांची नावे मिळाली; पुढे १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. तेव्हापासून 'धुळे' हे नाव शहराचे आणि जिल्ह्याचेही आहे. व्याकरणाने मात्र दोहोंत फरक ठेवला आहे. 'धुळ्यात पाऊस झाला' म्हणजे बहुधा शहरात. जिल्ह्याविषयी बोलावयाचे तर 'धुळे जिल्ह्यात' असे स्पष्ट म्हणावे लागते.

तुलनेसाठी आयर्लंडचे उदाहरण घेता येईल. आयरिश भाषेत 'बाले' म्हणजे गाव अथवा वस्ती. इंग्रजी नकाशांवर त्याचे 'बॅली' झाले. तेथे १८२४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी मोजणीच्या काळात जॉन ओडोनोव्हन यांनी गावोगावी फिरून नावांचे स्थानिक उच्चार नोंदविले. परंतु नकाशावर छापली गेलेली रूपे इंग्रजी वळणाचीच राहिली. तेथील नावांचे व्याकरण मात्र आपल्या उलट आहे. गॉलवे शहराचे आयरिश नाव 'गालिव' असे काहीसे उच्चारले जाते. 'गॉलवे परगणा' म्हणावयाचे असेल तर त्याचे षष्ठीचे रूप करून 'कोंते ना गालिवे' म्हणावे लागते. आपण 'धुळ्या जिल्हा' किंवा 'धुळ्याचा जिल्हा' म्हणत नाही. आयरिश भाषक मात्र तेथे नाव बदलल्याशिवाय बोलूच शकत नाही. सामान्य रूपात लिहिलेली दोन गावांची नावे दोन भाषांत इतकी निराळी वागू शकतात, हे नुसत्या शब्दकोशावरून कळणार नाही.

धुये, जयगाव आणि 'गावला'

आतापर्यंतचे विवेचन प्रमाण मराठीचे झाले. खानदेशातील मोठा समाज घरी अहिराणी बोलतो. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात खानदेशीला मराठीबरोबर न ठेवता भिल्ली बोलींसोबत ठेवले आणि गुजरातीशी तिचे नाते दाखविले. त्या वर्गीकरणाशी सहमत व्हावे किंवा न व्हावे. तिचे प्रत्यय मराठीहून वेगळे आहेत, हे कोणासही मान्य करावे लागेल.

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा – डोया, काळा – काया, शाळा – शाया. त्याच नियमाने धुळ्याचे 'धुये' आणि जळगावचे 'जयगाव' होते. हे उच्चार अपभ्रष्ट, अडाणी आहेत असा समज शिक्षित वर्गात रूढ आहे. वास्तविक 'नगर'चे 'नेर' ज्या नियमबद्धतेने झाले त्याच नियमबद्धतेने 'धुळे'चे 'धुये' होते. एकाला आपण भाषेचा इतिहास म्हणतो आणि दुसऱ्याला चूक. फरक एवढाच की पहिला बदल जुना आहे आणि त्याला लेखनाची मान्यता आहे.

आता प्रत्यय पाहू. मराठी 'ला'च्या जागी अहिराणीत 'ले', 'चा-ची-चे'च्या जागी 'ना-नी-नं', आणि 'त'च्या जागी 'मा' येतो : गावले, गावना, गावमा, घरले, घरना, घरमा, जयगावले, जयगावना, जयगावमा. मराठीत ज्या व्यंजनमात्र प्रत्ययांमुळे मध्ये 'आ' घालणे भाग पडत होते, त्यांपैकी 'त' येथे नाहीच. त्याची जागा घेणाऱ्या 'मा'ला स्वतःचा स्वर आहे. सामान्यरूपाचा 'आ' येथे कोणत्याच कामाचा नाही, आणि म्हणून अहिराणीने तो अशा नामांत ठेवलेला नाही. परिणामी, मराठीत सामान्यनाम आणि ग्रामनाम यांच्यात असलेला भेद अहिराणीत राहत नाही. 'गावले' आणि 'जयगावले' यांचा साचा एकच आहे.

निबंधातील 'गावला' या रूपाची उपपत्ती येथे लागते. त्या विद्यार्थ्याने घरच्या बोलीतील 'गावले' घेतले, त्यातील प्रत्यय मराठी केला आणि 'गावला' लिहिले. प्रत्यय बदलण्यास तो शिकला होता. सामान्यनामापुढे मधला 'आ' घालावा लागतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण आपल्या व्याकरणाच्या पाठांत सामान्यरूप हे घरातून मराठी घेऊन येणाऱ्या मुलाला गृहीत धरून शिकविले जाते. 'शेतमध्ये', 'हातला', 'घरला' ही रूपेही उत्तरपत्रिकांत याच कारणाने येतात. 'जळगावला', 'अमळनेरहून' लिहिताना मात्र त्याच विद्यार्थ्याची कधी चूक होत नाही, कारण तेथे दोन्ही भाषांचे व्याकरण योगायोगाने एकत्र आलेले असते. 'धुळ्याला'च्या ठिकाणी ते पुन्हा दुभंगते. अहिराणीत 'धुयाले' होते. 'ळ्या'मधील 'य' वेगळा उच्चारून दाखवावा लागत नाही. म्हणूनच 'धुळाला' असे लेखन अधूनमधून पाहावयास मिळते.

त्यानंतरच्या वर्षी सामान्यरूपाचा पाठ प्रस्तुत लेखकाने ग्रामनामांपासून सुरू केला. फळ्यावर एका बाजूला 'जयगावले', 'गावले', 'धुयाले' आणि दुसऱ्या बाजूला 'जळगावला', 'गावाला', 'धुळ्याला' लिहिले आणि दोन रकान्यांत कोठे जुळते व कोठे जुळत नाही, हे विद्यार्थ्यांनाच शोधावयास सांगितले. 'गावाला'मधला 'आ' त्यांनी दोन मिनिटांत दाखविला. 'धुळ्याला'मधल्या 'य'वर मात्र बराच वेळ वाद चालला, आणि शिंदखेड्याकडील एका विद्यार्थिनीने विचारले की तिच्या गावाचे नाव मग दाखल्यावर 'डा' लिहावे की 'डे'.